लाख किलोमीटरमागे

२ नोव्हेंबर, रविवार

करुणाला अवकाशात जायचे आहे. लिहून झाल्यावर वाक्य पुन्हा एकदा वाचले. चूक नाही, तसेच आहे.

सकाळी तिचा बंगळूरहून फोन आला. आधी आईशी बोलली. स्वयंपाकघरातून अर्धा तास कमलाचे नुसते "हं", "बरं", "बघू" ऐकू येत होते, म्हणून मला वाटले लग्नाचा विषय निघाला. मग फोन माझ्याकडे आला. "बाबा, बसलाय ना?" मी उभा होतो, तरी हो म्हटले. करुणा ज्या संस्थेत विमानांच्या चाचण्या घेते, तिथे माणसांच्या अवकाशमोहिमेच्या प्रशिक्षणासाठी इच्छुकांची नावे मागवली आहेत. वय, शिक्षण, तब्येत, सगळ्यांत ती बसते. अर्जाची मुदत अठ्ठावीस तारखेपर्यंत. शेवटच्या पानावर आईवडिलांनी सही करायची आहे, की धोका काय आहे तो आम्हाला सांगितला गेला आणि तो आम्हाला समजला.

"दोघांनी समजून सही केलीत तरच अर्ज देणार," ती म्हणाली. "नुसतं माझं मन राखायला नको."

मी म्हणालो, त्यात काय. धोका आणि सुरक्षितता हा माझाच विषय. एस.टी.त एकतीस वर्षे ड्रायव्हर, रत्नागिरी डेपो, त्यातली बहुतेक वर्षे कोल्हापूरची गाडी, आणि एकही अपघात नाही. विनाअपघात सेवेबद्दल सत्कार झाला तेव्हा विभाग नियंत्रकांनी माझे नाव चुकवले होते, पण आकडा बरोबर सांगितला होता.

काळजी आहे ती कमलाची. फोन ठेवल्यापासून ती बांगडे साफ करत बसली आहे. एवढ्या शांतपणे बांगडे साफ करणारे माणूस आतून घाबरलेले असते. तिला समजावण्याचे काम आता माझ्याकडे आले आहे. सव्वीस दिवस आहेत, पुष्कळ झाले.

४ नोव्हेंबर, मंगळवार

लोक सुरक्षिततेबद्दल बोलतात ते पेपरातला फोटो डोळ्यांसमोर ठेवून. जूनमध्ये अहमदाबादला विमान पडले, तेव्हा आमच्या वाडीतल्या निम्म्या लोकांनी विमानात कधीही बसणार नाही असे जाहीर केले. त्यांतल्या एकालाही कोणी बसायला बोलावले नव्हते.

एस.टी.त असे चालत नाही. तिथे एकच प्रश्न: लाख किलोमीटरमागे अपघात किती? डेपोची इज्जत त्या एका आकड्यावर. फोटो, रडारड, देवाची कृपा, सगळे त्या आकड्याच्या नंतर. माझे सगळे मिळून सतरा लाख किलोमीटर भरतात. अपघात शून्य. आंबा घाटात एकदा गवा आडवा आला होता, पण त्यात चूक त्याची होती आणि त्यालाही काही झाले नाही.

हीच पद्धत विमानाला आणि यानाला लावायची, असे ठरवले. करुणाकडून माहिती मागवली. तिने ती व्हॉट्सॲपवर पाठवली आणि खाली लिहिले, "हिशोब झाला की आधी मला दाखवा, बाबा." पोरीला माझ्या हिशोबाचा आधार वाटतो, हे वाचून बरे वाटले.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

हिशोब झाला. तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी कोटीत एक शून्य कमी पडले होते.

विमानाचे असे की जगभरात साधारण पन्नास लाख उड्डाणांमागे एक जीवघेणा अपघात होतो. एक उड्डाण सरासरी दीड हजार किलोमीटरचे धरले. म्हणजे साडेसातशे कोटी किलोमीटरमागे एक.

आता यान. माणसे घेऊन आजवर चारशेच्या आसपास उड्डाणे झाली. त्यांतल्या चारांत माणसे गेली. यान ताशी अठ्ठावीस हजार किलोमीटर पळते, म्हणजे दिवसाला पावणेसात लाख. मला ज्याला एकतीस वर्षे लागली ते त्यांचे अडीच दिवसांत होते, ह्याचे थोडे वाईट वाटले. सरासरी मुक्काम दोन महिने धरला, तर सगळे मिळून सोळाशे कोटी किलोमीटर. त्यात चार. म्हणजे चारशे कोटी किलोमीटरमागे एक.

साडेसातशे कोटी आणि चारशे कोटी. दोघेही एकाच पंगतीला बसणारे. लाख किलोमीटरमागे काढायला गेलो, तर दोन्हीकडे शून्य, मग टिंब, मग इतकी शून्ये की मोबाइलमधल्या कॅल्क्युलेटरने वेगळीच अक्षरे दाखवायला सुरुवात केली.

जेवताना कमलाला सगळे नीट समजावून सांगितले. तिने मधे एकदाही अडवले नाही. शेवटी म्हणाली, "येवढं सगळं बरं हाय, तर मंग सही कशाला मागत्यात? इमानात बसताना कुनी आईबापाची सही मागत न्हाय."

मी म्हणालो, सरकारी कागद असतात तसे, एक पान जास्तच असते. ती "बरं" म्हणाली आणि मला ताक वाढले. माझ्या मते ती निम्मी तरी सावरली आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

बाबू आला होता. बाबू माझा कंडक्टर, अकरा वर्षे आम्ही एका गाडीवर काढली. आता वरच्या वाडीत काजू बघतो आणि लोकांच्या घरी चहा पितो. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती, त्यामुळे तो गंभीर चेहरा करून बसला.

त्यांच्या वाडीतला कोणीही नोकरीसाठी मुंबईला निघाला, की ग्रामदेवतेपुढे उभे राहून मोठ्याने गाऱ्हाणे घालतात: महाराजा, ह्या लेकराला वाटेत सांभाळ. आमच्या घरी बुद्धवंदना असते, गाऱ्हाणे नसते, हे बाबूला चांगले ठाऊक आहे. तो स्वतःच्या जबाबदारीवर घालायला निघाला होता. पण त्याला एक अडचण आली होती.

"म्हाराजाला सांगू काय, तेच कळंना," तो म्हणाला. "देवाची हद्द नदीपासनं पलीकडच्या कातळाच्या सड्यापतूर. पोर मुंबैला गेलं, तर हितला देव थितल्या देवाला निरोप देतो. पर वरती कोन हाय निरोप घ्यायला?"

मी त्याला म्हणालो, निरोपाची गरजच नाही, आणि हिशोबाचा कागद पुढे केला. बाबूने चष्मा लावून तो सगळा वाचला. कंडक्टर आहे, त्याला बेरजा पटकन कळतात.

"म्हंजी मंडणगडच्या गाडीपेक्षा बरं."

"कितीतरी."

बाबूचा जीव भांड्यात पडला. जाताना त्याने कागदाचा फोटो काढून नेला. संध्याकाळपर्यंत आमच्या अर्ध्या पाली गावाला कळले होते, की यान एस.टी.पेक्षा सुरक्षित आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

करुणाने विमानाची दोन तिकिटे पाठवली. शनिवारची, कोल्हापूरहून बंगळूर. तिचे काम बघा, तिथल्या लोकांशी बोला, मग सही करा, असे तिचे म्हणणे. म्हणणे बरोबर आहे, पण मला जाता येत नाही. भात कापून खळ्यात पडले आहे, ते झोडायचे बाकी आहे. शिवाय माझा उजवा गुडघा. विमानात पाय सोडून बसता येत नाही असे ऐकतो.

कमला म्हणाली, "आठ गुंठ्याचं भात. बाबूचा सर्वेश आला तर एका सकाळीत झोडून व्हतंय."

मी म्हणालो, भाताला वेळेवर हात लावावा लागतो, आभाळ सांगून येत नाही. तिने कोनाड्यातली प्रवासाची पिशवी काढून झटकली. मग म्हणाली, "मंग मी जाते एकटी. कोलापूरपतूर आपली गाडी, फुडं इमान. त्यात चुकायचं काय हाय?"

तिने आजवर एकटीने रत्नागिरीच्या पुढे प्रवास केलेला नाही. माझ्या हिशोबाचा तिच्या मनावर इतका परिणाम होईल असे मलाही वाटले नव्हते.

भीतीचा प्रश्नच येत नाही, हे इथे लिहून ठेवतो. पन्नास लाखांत एक हा आकडा मीच तिला सांगितला आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी सहा. पालीच्या स्टँडवर कमलाला कोल्हापूर गाडीत बसवले. ड्रायव्हर पोरगेला आहे, स्टेअरिंग एका हाताने धरतो. त्याला दोन शब्द बोललो.

आठ. घाट चढून वर पोचली. आंबा गावात चहा घेतला म्हणून फोन आला.

एक वाजून दहा मिनिटे. विमान सुटले. करुणाने माझ्या फोनमध्ये एक नकाशा घालून दिला आहे, त्यावर कमलाचे विमान सरकताना दिसते. पिवळे आहे.

एक तीस. आहे.

एक पस्तीस. आहे.

एक पंचेचाळीस. रेंज गेली. अंगणात मिळेना, वाटेवर मिळेना, म्हणून वर सड्यावर गेलो.

दोन. आहे. बेळगावच्या बरेच पुढे गेले आहे.

दोन वीस. उतरले. पाच मिनिटांनी कमलाचा फोन, की खिडकीजवळ बसली होती आणि ढग वरून बघितले तर कापूस पिंजून टाकल्यासारखे दिसतात. मी म्हणालो, बरे.

ऊन फार होते, म्हणून भाताला हात लावला नाही. दुपारचे जेवण राहिले हे दिवे लावताना लक्षात आले. एकट्यापुरते शिजवायचा कंटाळा येतो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज करुणाला हिशोब ऐकवला. फोनवर सगळी गुणाकारांची रांग वाचून दाखवली. तिने मधे मधे "हं" म्हटले, अगदी आईसारखे. शेवटी चारशे कोटी म्हणालो, तेव्हा तिने आकडा पुन्हा एकदा सांगायला लावला.

मग म्हणाली, "बाबा, गुणाकार सगळे बरोबर आहेत. पण किलोमीटर मोजायचे नव्हते."

"मग काय मोजतात तुमच्याकडे?"

"फेऱ्या. वर गेल्यावर यान नुसतं पृथ्वीभोवती फिरत असतं. तो सपाट रस्ता आहे. जीव जातो तो वर चढतानाच्या आठ-नऊ मिनिटांत, नाहीतर खाली उतरतानाच्या तासाभरात. ते चारही अपघात चढताना किंवा उतरतानाच झाले. तुम्ही सपाट रस्त्याचे कोटी कोटी किलोमीटर मोजलेत, आणि घाट त्यात बुडवलात."

मी विचारले, फेऱ्या मोजल्या तर काय येते. ते मला तोंडी येत होते, तरी विचारले.

"चारशे फेऱ्या. चार परत आल्या नाहीत. शंभरात एक. नवीन यानं जुन्यांपेक्षा बरी असतील, पण तेवढं सिद्ध व्हायला अजून पुरेशा फेऱ्या झालेल्या नाहीत. सही करताना तुम्ही शंभरात एकच धरा."

विमान पन्नास लाखांत एक. यान शंभरात एक. मी दोघांना एका पंगतीला बसवले होते.

"रागावलात?" तिने विचारले. मी म्हणालो, भात झोडायचे आहे, आणि फोन ठेवला. भात झोडले नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

रत्नागिरीला गेलो. काम काही नव्हते. स्टँडवर एका बाकावर बसलो आणि सुटणाऱ्या गाड्या मोजल्या. लांजा, राजापूर, देवरुख, चिपळूण, गणपतीपुळे, गावोगावच्या. दोन कंट्रोलर ओळखीचे निघाले, त्यांना वाटले पेन्शनचे काही अडले असेल.

शंभरावी गाडी जयगडची होती. पोर्टावर कामाला जाणारी पाच-सहा पोरे, मासळीच्या रिकाम्या टोपल्या घेतलेल्या बायका, एक बाळंतीण, तिच्या हातातले बाळ, आणि मागच्या दाराशी झोपाळू कंडक्टर. ड्रायव्हरने आरसा पुसला आणि गाडी काढली.

रोज इतक्यांतली एक परत आली नाही, तर दुसऱ्या दिवशी हा डेपो कोणी उघडणार नाही. मी स्वतः दाराला कुलूप घालीन. एकतीस वर्षे ज्या आकड्यावर मी छाती पुढे काढली, त्याच आकड्याने मी स्वतःला फसवले. कमलालाही फसवले. ती बिचारी माझ्या शब्दावर विसंबून सही करून बसली असेल. माहीत नसताना सांगितले तरी ते खोटेच.

उद्या तिला फोन करून सांगणार.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

हे सगळे झाले तसे लिहितो.

सकाळी फोन केला. करुणा कामाला गेली होती. मी म्हणालो, "कमला, माझा हिशोब चुकला गो. ते विमानासारखं नाही. शंभरात एक आहे."

"ठावं हाय मला."

"करुणा बोलली? कधी?"

"पयल्या दिवशीच. तुमच्या हातात फोन द्यायच्या आदी. बाबांना कसं सांगू, म्हनून मलाच इचारत व्हती."

अर्ध्या तासाचे ते "हं" आणि "बरं" आता मला कळले. मी विचारले, "मग मी तीन दिवस कागद काळे करत होतो, तेव्हा का नाही बोललीस?"

"तुमाला बरं वाटत व्हतं. पोर म्हनाली, बाबांचा हिशोब झाला की मी सांगते. म्हटलं, सांगू दे."

"आणि सही?"

"आल्या दिवशीच केली."

मला राग आला, हे खरे. मी म्हणालो, शंभरात एक म्हणजे काय ते तुला समजले आहे का. स्टँडवरच्या शंभर गाड्या सांगितल्या. जयगडची गाडी सांगितली, बाळंतीणसुद्धा. तिने सगळे ऐकून घेतले.

"तुमी कोलापूरची गाडी घेऊन यायचाव," ती म्हणाली, "तवा हितं वळनावर हारन वाजवायचाव."

"तू भात टाकावास म्हणून."

"भात कवाच झालेला असायचा. हारन ऐकू येईतवर मी दारातच उभी. घाट उतरून आलाव, येवढंच कळायचं मला त्यातनं. तुमी किती किलोमीटर गेलाव, त्ये मी कवा मोजलं न्हाय. घाट चढला, घाट उतरला, झाला दिवस. येकतीस वर्सं. मला कुनी फारम दिला न्हवता सही करायला. पोरीनं इचारलं तरी."

भाकरी करपते आहे असे सांगून फोन ठेवला. चूल पेटवलेलीच नव्हती.

मी घरी येईपर्यंत ती नेहमी चुलीपाशी असायची आणि विचारायची, आज गर्दी होती काय. मी गर्दीचे सांगायचो. घाटाचे तिने कधी विचारले नाही, आणि मला वाटायचे हिला त्यातले काही कळत नाही. मला फार लाज वाटली. विनाअपघात सेवा मी एकट्याने केली असे मी सगळीकडे सांगत आलो.

आणि भीती मला वाटते. यानाची वाटते, विमानाचीही वाटते. शनिवारी ते पिवळे विमान उतरेपर्यंत मी फोन वर धरून सड्यावर उभा होतो. भाताचा काही संबंध नव्हता.

२३ नोव्हेंबर, रविवार

सर्वेशला बोलावून भात झोडले. साडेदहाला काम संपले. आठ गुंठे.

करुणाला फोन करून सांगितले, सत्तावीसचे तिकीट काढ. तिने गुडघ्याचे विचारले. गुडघा ठीक आहे म्हणालो.

बाबूलाही खरा आकडा सांगितला, कारण त्याने चुकीचा आकडा अर्ध्या पालीत वाटला आहे. मग मी त्याला म्हणालो, बाबू, विमानात बसायची मला भीती वाटते. माणसाला असे सांगायला मी ह्या वयात पहिल्यांदाच तोंड उघडले असेल.

"त्यात काय?" तो म्हणाला. "अकरा वर्सं तुज्या मागं बसून आंबा घाट उतरलो, मला काय वाटत न्हवतं व्हय? उतार लागला की मी डोळं मिटून घ्यायचो."

"मला कधी बोलला नाहीस."

"ड्रायव्हरला कोन सांगतंय?"

त्याने गाऱ्हाण्याचेही ठरवून टाकले आहे. देवाला सांगणार, की पोर वर गेले तरी उतरायला शेवटी खालीच येणार, आणि खाली कुठल्या ना कुठल्या देवाची हद्द लागतेच. मी हो म्हणालो. त्याचे त्याच्याकडे असू दे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

बंगळूर. पोचलो.

एस.टी.त प्रवासी चढताना आधी ड्रायव्हरचे तोंड बघतो. झोप झाली आहे का, प्यायलेला आहे का, भांडून आला आहे का, सगळे तोंडावर दिसते. विमानात ड्रायव्हर दार लावून बसतो. हे मला पटलेले नाही. नुसता आवाज ऐकू आला, बाईचा, नाव समीक्षा. हवा चांगली आहे आणि वेळेवर पोचू असे ती म्हणाली. आवाजावरून झोप झालेली वाटली, त्यावर समाधान मानले.

धावपट्टीवर विमान पळायला लागले तेव्हा मी उजव्या पायाने ब्रेक दाबला, तो वर ढगांत जाईपर्यंत सोडला नाही. शेजारच्या गृहस्थांनी विचारले, पहिल्यांदाच का. मी म्हणालो, हो, आणि भीती वाटते. ते म्हणाले, मलाही वाटते, माझी चाळिसावी खेप आहे. मग बंगळूर येईपर्यंत आम्ही उसाच्या भावावर बोललो.

कमलाचे खरे आहे, ढग वरून कापसासारखेच दिसतात. उतरताना पुन्हा ब्रेक दाबला. गुडघा आता खरोखरच दुखतो आहे.

बाहेर दोघी उभ्या होत्या. करुणा हसत होती. कमलाने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि विचारले, "गर्दी व्हती काय?"

मी म्हणालो, "नाही. पण चढताना मला लई भ्या वाटलं." ती एकदम थांबली आणि तिने माझ्याकडे बघितले. मग पिशवी ह्या हातातून त्या हातात घेऊन चालू लागली.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

करुणा दुपारपर्यंत घरी होती, अर्ज तीनच्या आत द्यायचा होता. टेबलावर अर्ज ठेवला. शेवटच्या पानावर कमलाची सही, तिच्या वाटोळ्या अक्षरात, खाली माझी जागा मोकळी.

गाडी ताब्यात घेताना मी जसे विचारायचो तसे सगळे विचारले. सुटताना बिघाड झाला तर काय? तिने सांगितले, माणसे बसलेला वरचा भाग वेगळा होऊन दूर फेकला जातो आणि पॅराशूटने उतरतो. किती वेळा करून बघितले? मोजक्या वेळा. मोजक्या म्हणजे किती? तिने आकडा सांगितला.

"कमी आहे," मी म्हणालो.

"हो, कमी आहे."

तिने पुढे काही जोडले नाही, हे मला आवडले.

मग ती म्हणाली, "आता मी विचारू? डेपोत तुम्हाला कोणी सांगितलं असतं, की शंभरातली एक गाडी दरीत जाणार आहे आणि ती हीच असू शकेल. तुम्ही गाडी काढली असतीत?"

कमला कांदा चिरत होती, तिचा हात थांबला. खोटे बोलणे सोपे होते. पण त्या पानावर सही मागितली आहे ती समजून करायची आहे.

"नाही," मी म्हणालो. "एकदाही नाही. मागं चाळीस माणसं असतात."

"माझ्या मागं कोणी नसणार, बाबा."

"आम्ही दोघं आहोत की."

तिने मान खाली घातली. एवढी मोठी बाई, विमानांच्या चाचण्या घेणारी, लहानपणी शाळेच्या सहलीला नाही म्हटले की जशी बसायची तशी बसली. तशीच म्हणाली, "मग नको देऊ अर्ज?"

मी म्हणालो, "मी गाडी चालवली ती पोटासाठी. तुला वर काय बोलावतं, ते मला कळत नाही, कळलं असं खोटं सांगणार नाही. पण ब्रेक कमी लागतो म्हणून तोंडावर सांगणारा ड्रायव्हर मी कमी बघितला. तू आकडा लपवला नाहीस. मी चुकलो तेव्हा चूक सांगितलीस. अशा माणसाच्या गाडीत मी बसतो. आण पेन."

ती उठून माझ्या गळ्यात पडली, आणि कमला आम्हा दोघांकडे पाठ करून कांद्याच्या नावाने डोळे पुसत राहिली. मीही पुसले. माझ्याजवळ कांदा नव्हता.

सहीच्या वर शेऱ्यासाठी चौकोन होता. कमलाने त्यात काही लिहिले नव्हते. मी लिहिले: "धोका समजला. फेरीमागे मोजला. भीती वाटते. हरकत नाही." खाली सही केली, राजाराम गमरे, निवृत्त चालक.

करुणाने ते दोनदा वाचले. "बाबा, 'भीती वाटते' तेवढं खोडू या का? ऑफिसचा कागद आहे."

"राहू दे," मी म्हणालो. "धोका समजला का, एवढंच विचारलंय ना त्यांनी? मग त्यांना पुरावा नको?"

तिने खोडले नाही. तीनच्या आत जाऊन अर्ज देऊन आली.